पाणथळ मरते ती कडेकडेनं

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की समुद्रकाठच्या पाणथळ जमिनीवर इमले रचण्याआधी तिथल्या चिखलाला एकदा विचारावं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : इमारतींच्या पायासाठी माती तपासण्याचं काम मी एकतीस वर्षं केलं. जमिनीत भोक पाडायचं, नळीतून माती वर काढायची, अहवाल लिहायचा. पक्ष्यांची नावं मला फार उशिरा कळली. चिखल आधी कळला.

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीजवळ खारफुटी आहे आणि तिच्या मागे गवताळ, उंचसखल पडीक जमीन. विकासक म्हणतो, ‘पाण्याला आम्ही हातही लावणार नाही, सगळं बांधकाम कोरड्या जागेवर.’ नकाशात पाणथळ वेगळ्या रंगानं दाखवलीही आहे. ‘मग तुझा विरोध कशाला?’ असं घरचेच विचारतात. — एक शिक्षिका

नकाशाच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाची तारीख असते, ती आधी वाचा. मग त्या दिवशी चंद्र कुठल्या कलेत होता ते काढा. अष्टमीच्या आसपासची तारीख निघाली तर समजा, माणसं भांगाच्या भरतीला जाऊन आली. भांगाला पाणी जेमतेम खारफुटीच्या मुळांशी येऊन परततं आणि मागची जमीन ठणठणीत कोरडी दिसते. तीच जमीन अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घोट्याएवढ्या पाण्यात असते. त्यातही बहुतेक किनाऱ्यांवर मोठ्यातली मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आगेमागे येतात. शिवाय चंद्राच्या कक्षेचा १८.६ वर्षांचा एक फेरा असतो आणि त्यानुसारही भरतीची उंची थोडी कमी-जास्त होत राहते. म्हणजे तुम्ही दहा वर्षं पाहिलेली पाण्याची रेघ ही शेवटची रेघ नव्हे. नकाशातला रंग कुठल्या रेघेला थांबलाय, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. मला ती कळायला फार वर्षं लागली. पाणथळीतले पक्षी ओहोटीला चिखलात चरतात, हे सगळ्यांना दिसतं. पण भरतीला चिखल बुडाला की ते बसतात कुठे? लांब पायांचे असले तरी ते बदकासारखे तरंगत राहणारे नव्हेत. ते मागच्या त्याच पडीक गवताळ जागेवर येऊन बसतात, सगळे एकाच दिशेला चोच करून, पुन्हा ओहोटी लागेपर्यंत. तिथे कुंपण, दिवे आणि मोकाट कुत्री आली की दर भरतीला त्यांना उडत राहावं लागतं. यातले काही किती लांबून येतात ते पाहा. २०२२ मध्ये पाणटिवळ्याच्या एका कोवळ्या पिल्लानं अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर एकही थांबा न घेता पार केले, ११ दिवसांत. एवढी मजल मारणाऱ्या पक्ष्याची चरबी रोजच्या उठबशीत जाळायला लावणं म्हणजे पाण्याला हात न लावता पाणथळ संपवणं.

तिसरं, पावसाचं पाणी. गवताळ जमीन पाऊस पिते आणि हळूहळू खाली सोडते. तिच्यावर डांबर आणि काँक्रीट आलं की तेच पाणी गटारातून एका दमात खाऱ्या दलदलीत शिरतं. मग खाऱ्या वनस्पती मागे हटतात आणि गोड्या पाण्याचे लव्हाळे, बोरू पुढे सरकतात. झाड कुणी तोडलं नाही, तरी जंगल बदललं.

याचा सगळ्यात चांगला धडा कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथे आहे. १८९९ मध्ये एका शिकारी क्लबनं तिथलं समुद्राचं तोंड, म्हणजे भरतीचं पाणी आत यायची वाट, बंद केलं. पुढे तेलविहिरी आल्या. मग हजारो घरांची योजना आली. १९७६ पासून लोक संघटित होऊन लढले आणि १९९७ मध्ये राज्यानं सखल भागातली ८८० एकर जमीन विकत घेतली. आता झालं, असं वाटावं. पण पाणथळीशेजारचं पठार उरलंच होतं! तिथल्या निलगिरीच्या राईत शिकारी पक्ष्यांची वस्ती होती, आणि खाली उंदीर-घुशींवर झडप घालून ते वर येऊन बसायचे. निलगिरी हे तिथलं मूळचं झाडही नाही, तरी १९९९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, की ही राई तोडून दुसरीकडे लावतो म्हटल्यानं भागणार नाही, अधिवास आहे तिथेच राखायचा. २००५ मध्ये पठाराचा खालचा टप्पा राज्यानं घेतला. वरच्या टप्प्यावर मात्र घरं झाली. २००६ मध्ये समुद्राचं तोंड पुन्हा उघडलं, बंद केल्याला १०७ वर्षं झाल्यावर. अर्धा विजय म्हणा हवं तर. पण कडेची जमीन ही पाणथळीचाच भाग आहे हे तिथे मान्य करून घ्यावं लागलं, आपोआप कुणी केलं नाही.

आणि समुद्र वर येतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी साधारण २० सेंटिमीटरनं वाढली. पूर्वी पाणी चढलं की खारफुटी एकेक पाऊल मागे सरायची. मागे भिंत असेल तर ती कुठे सरणार? समोर पाणी, पाठीला कंपाउंड. घरच्यांना हे एकच चित्र काढून दाखवा.

प्रश्न : पाणथळ म्हणजे डास आणि दुर्गंधी. बुजवली तर आरोग्याचंच भलं होईल ना? — एक वाचक

वासाबद्दल तुमचं खरं आहे. हवा न पोचणाऱ्या चिखलातले जिवाणू सडक्या अंड्यासारखा वायू सोडतात. त्या वासात माझी निम्मी नोकरी गेली. डासांचं मात्र उलट आहे. रोज दोनदा पाणी येऊन-जाऊन असेल तिथे डासांच्या अळ्यांना स्वस्थता मिळत नाही, आणि भरतीबरोबर छोटे मासे आत येऊन त्या खातात. डास होतात ते भरावानं, रस्त्यानं किंवा बुजलेल्या मोरीनं अडलेल्या डबक्यात. तुमच्याकडे डास असतील तर पाणी कुठे अडलंय ते शोधा. बहुतेकदा कुणीतरी टाकलेल्या राडारोड्यापाशीच जाऊन पोचाल.

प्रश्न : खाडीलगतच्या भरावावरच्या संकुलात आम्ही फ्लॅटची नोंदणी केली आहे. पर्यावरणाचं मला फारसं कळत नाही, पण घर टिकेल का एवढं सांगा. माहितीपत्रकात ‘मृदा-परीक्षण केलेली जमीन’ असं लिहिलंय. — एक नोकरदार

तुमचं पत्र मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

मृदा-परीक्षण केलंय याचा अर्थ माती चांगली निघाली असा होत नाही. परीक्षेला बसलेला प्रत्येक मुलगा पास होतो का? मीच एका प्रकल्पासाठी असा अहवाल लिहिला होता. चिखल किती खोल आहे, जमीन किती वर्षं खचत राहील, काय काळजी घ्यावी, सगळं त्यात होतं. विक्रीच्या कागदावर त्यातलं तुमच्यासारखंच एक वाक्य उतरलं. बाकीची पानं कुणी मागितली नाहीत, आणि मीही तेव्हा बोलले नाही.

तुम्ही मागा. ‘बोअर लॉग’ मागा, म्हणजे भोकात किती खोलीवर कसली माती लागली याची नोंद. त्यात ‘एन व्हॅल्यू’ नावाचा रकाना असतो. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सळईवर टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. घट्ट वाळूत तीस-चाळीस ठोके लागतात. खाडीच्या चिखलात मी असं पाहिलंय, की हातोडा उचललाही नव्हता आणि सळई स्वतःच्याच वजनानं खाली चालली होती. आमचा ड्रिलर म्हणायचा, ‘बाई, शून्य लिहा, नाहीतर शून्याच्या खालचं काही असेल तर ते लिहा.’

अशा जागी इमारत उभी राहते ती पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, आणि बहुधा उभीच राहते. खचतो तो भोवतालचा भराव. इमारत जागच्या जागी आणि अंगण खाली. मग पहिल्या पायरीखाली अंतर पडतं, सांडपाण्याचे पाइप जोडावर तुटतात, गेटपाशी पाणी साठतं. म्हणून त्याच भागातल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतीत जा आणि तळमजल्याच्या पायऱ्या मोजा. सगळ्यात खालची पायरी वेगळ्या सिमेंटची, मागून जोडलेली दिसली तर तिथे थोडा वेळ थांबून वॉचमनशी बोला.

चिखलाची आणखी एक खोडी आहे. त्यात लोह आणि गंधकाचं खनिज असतं, पायराइट. पाण्याखाली ते निमूट पडून असतं. खोदून उघड्यावर टाकलं की हवा लागून गंधकाम्ल तयार होतं आणि ते काँक्रीट आणि पोलाद दोन्ही खातं. आमच्या ट्रेमधल्या करड्या-निळ्या नमुन्यांवर काही दिवसांनी पिवळट डाग उमटायचे. नवी मुलं ती बुरशी समजून पुसायला जायची.

भूकंपाचा प्रदेश असेल तर भरावातली सैल ओली वाळू द्रवासारखी वागू लागते. २०११ च्या मार्चमधल्या जपानच्या भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर होतं. तरी टोकियोच्या उपसागरातल्या भरावावर वसलेल्या उरायासू शहरात घरं कलली आणि मॅनहोल जमिनीतून वर आले. खरं तेही सांगायला हवं : जिथे आधी वाळूचे स्तंभ ठोकून जमीन घट्ट केली होती तिथे नुकसान फार कमी झालं. सॅन फ्रान्सिस्कोतला मरीना हा भाग १९१५ च्या प्रदर्शनासाठी खाजण बुजवून केलेला. १९८९ च्या भूकंपात शहरातलं मोठं नुकसान तिथेच झालं. चौऱ्याहत्तर वर्षं काही झालं नाही म्हणून लोक तिथे निर्धास्त होते.

पण मला रात्री आठवतं ते फ्रान्समधलं ला फोत-स्यूर-मेर. बांधामागच्या, पूर्वी दलदल असलेल्या सखल जमिनीत तिथे घरं उठली होती, बरीचशी एकमजली. त्या खोलगटाला लोक ‘ला क्युव्हेत’ म्हणत, म्हणजे परात किंवा घमेलं म्हणा. नावातच सगळं होतं. २७-२८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री झिंथिया नावाचं वादळ उधाणाच्या भरतीला गाठून आलं, पाणी बांधावरून आत आलं आणि त्या एका गावात २९ माणसं गेली, बहुतेक झोपेतच गाठली गेलेली. धोक्याच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल महापौरांना २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१६ मध्ये अपिलात ती दोन वर्षांची आणि स्थगित, अशी उरली. सरकारनं शेकडो घरं विकत घेऊन पाडली. आता तिथे पुन्हा मोकळी जमीन आहे.

म्हणून घर टिकेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. बोअर लॉग पाठवलात तर वाचून सांगेन. तो द्यायला ते तयार नसतील, तर उत्तर तुम्हाला मिळालंच आहे.

प्रश्न : इथली पाणथळ बुजवली तरी तेवढीच दुसरीकडे तयार करून देऊ, असं हमीपत्र आम्हाला मिळतंय. स्वीकारावं का? — एका रहिवासी समितीचे सचिव

दुसरीकडे म्हणजे कुठे, आणि आधी की नंतर, हे विचारा. ‘आधी’ हा शब्द हमीपत्रात असेल तर मला आश्चर्य वाटेल.

पाणथळ नव्यानं करता येत नाही असं मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या मेडमेरी इथे २०१३ मध्ये जुना किनारी बांध मुद्दाम फोडून समुद्राला आत घेतलं, आणि मागे नवा बांध घातला. काम चांगलं झालं. पण समुद्राला त्याची जुनी जागा परत देणं वेगळं आणि कुठल्या तरी माळावर खड्डा खणून त्यात पाणी सोडणं वेगळं. २०१२ मध्ये एका अभ्यासात जगभरातल्या ६२१ पुनर्निर्मित पाणथळींची तुलना मूळच्यांशी केली गेली. कित्येक दशकं उलटल्यावरही जीवसृष्टीची रचना सरासरी २६ टक्के आणि मातीतली कार्बन-नत्राची कामं २३ टक्के कमीच होती. गवत दोन वर्षांत उगवतं. ते पाहूनच समित्या फोटो काढतात. खालचा चिखल साठायला शतकं लागतात.

आणि लॅपेल बँकची गोष्ट सांगते, कारण तुम्ही सचिव आहात. इंग्लंडच्या मेडवे खाडीतला हा चिखलपट्टा बंदराच्या विस्तारासाठी संरक्षित क्षेत्राबाहेर ठेवला गेला. पक्षीप्रेमींच्या संस्थेनं दावा लावला. १९९५ मध्ये तिनं तात्पुरती स्थगिती मागितली, पण दावा हरल्यास द्यायच्या नुकसानभरपाईची हमी देता येत नसल्यानं ती मिळाली नाही. १९९६ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की संरक्षित क्षेत्राची हद्द ठरवताना आर्थिक कारणं धरता येत नाहीत. संस्था जिंकली! तोवर लॅपेल बँकवर भराव पडून गाड्या उभ्या करायची जागा झाली होती. बदली पाणथळ वॉलसी बेटावर तयार झाली ती २००६ मध्ये, निकालानंतर दहा वर्षांनी. त्या दहा वर्षांत पक्ष्यांनी काय केलं असेल ते तुम्ही कल्पा.

सही करू नका. निदान नवी जागा भरतीखाली येऊन तिथे पक्षी चरताना दिसेपर्यंत तरी नको.

प्रश्न : तुमच्यासारख्यांना चिखल दिसतो, माणसं दिसत नाहीत. लोकांनी राहायचं कुठे? — नाव छापू नये

राग समजला. मी स्वतः भरावावरच्या इमारतीत राहते, तेव्हा मला उपदेशाचा अधिकार कमीच. आमच्याकडे मोठ्या पावसात पंप चालतो. तो बसवला बांधणाऱ्यानं, पण चालवतो आम्ही, आणि आमच्यानंतरचेही चालवत राहतील. घरं हवीतच. माझं म्हणणं एवढंच, की सखल जमीन स्वस्त असते कारण तिचा खरा खर्च पुढच्या माणसाच्या नावावर टाकलेला असतो. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०१०-११ च्या भूकंपांनंतर सरकारनं सुमारे आठ हजार घरांची जागा राहण्यायोग्य नाही ठरवून लोकांकडून ती विकत घेतली. त्यातला मोठा भाग नदीकाठच्या सैल, पाणथळ जमिनीवरचा. त्या आठ हजार घरांतले लोक घर मिळावं म्हणूनच तिथे गेले होते ना?

प्रश्न : आम्ही पाच-सहाजणीच आहोत. समोर मोठी कंपनी. सुरुवात कुठून करायची? — एक गृहिणी

तिघींपासून झालेली मला माहीत आहे. १९५९ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वृत्तपत्रात सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा नकाशा छापून आला : भराव असेच पडत राहिले तर २०२० मध्ये उपसागराची जेमतेम एक नदी उरेल. के कर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक या तीन बायकांनी १९६१ मध्ये संघटना काढली. बर्कली शहराचा दोन हजार एकर पाणी बुजवण्याचा बेत होता. १९६५ मध्ये भरावाला परवानगी देणारं-नाकारणारं स्वतंत्र मंडळ कायद्यानं आलं आणि १९६९ मध्ये ते कायमचं झालं. त्यांनी आधी नकाशाच हातात घेतला होता, हे विसरू नका.

तुम्हीही नकाशा करा. पडीक जमिनीच्या कडेनं सात-आठ जागी लाकडी मेखा ठोका, मालकाच्या हद्दीबाहेर. त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. प्रत्येक उधाणाला, भरती पूर्ण चढल्यावर, त्याच जागी उभं राहून फोटो काढा. मेख, पाणी आणि मागचं एखादं न हलणारं झाड किंवा खांब, तिन्ही चौकटीत हवेत. तारीख आणि वेळ वहीत लिहा. भांगालाही एकदा जा, म्हणजे फरक दिसेल. भरतीला पक्षी कुठे बसतात ते नकाशावर टिंबांनी दाखवा. सुनावणीत ‘इथे पूर्वी खूप पक्षी यायचे’ याला कुणी विचारत नाही, पण वर्षभराची वही टेबलावर पडली की समोरचा अभियंता पान उलटतो. मी त्या बाजूच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून सांगते.

राडारोड्याचा पहिला ट्रक दिसला त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भराव रात्री आणि सलग सुट्ट्यांत पडतो. वकील केलात तर निकालाआधी स्थगितीचं बोला. लॅपेल बँक वर वाचलंतच.

पाणथळी राखण्यासाठी देशादेशांत झालेला १९७१ चा रामसर करार आपल्या पाणथळीला लागू होतो का, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. कराराच्या व्याख्येत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही येतो, त्यामुळे व्याख्येत तुमची जागा सहज बसेल. पण व्याख्येत बसणं आणि करारातल्या संरक्षित जागांच्या यादीत असणं वेगळं, आणि यादीत आल्यावरही राखायचं कसं ते शेवटी देशाच्या कायद्यावर ठरतं. यादीच्या भरवशावर मेखा ठोकायचं थांबवू नका.

चिखलात जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट घाला आणि एकटीनं जाऊ नका. पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही, बूट तिथेच राहतो. मागे रेलून टाच आधी सोडवायची. पहिल्या दोन उधाणांचे आकडे मला पाठवा, पुढच्या अंकात आपण ते नकाशावर चढवू.